सल्ला हवा: सात गावरान कोंबड्यांत नवा कोंबडा कसा मिसळावा?

प्रश्न (विजापूर रोड, सोलापूर)

आमच्या परसात दोन वर्षांपासून सात गावरान कोंबड्या आहेत. त्यांतली एक वारंवार खुडूक होते (अंडी उबवायला बसून राहते), म्हणून घरचीच पिले काढावीत या विचाराने रविवारी सांगोल्याच्या बाजारातून वर्षभराचा एक कोंबडा आणला. सध्या तो ओसरीवर डालग्याखाली आहे. त्याला आज संध्याकाळी खुराड्यात सोडावे असे घरच्यांचे म्हणणे आहे; मला मात्र मारामारीची धास्ती वाटते. शिवाय पहाटेच्या आरवण्याने शेजारी वैतागतील का, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद १ (मोहोळ)

ताई, आज अजिबात सोडू नका. मारामारीची भीती आपल्याला वाटते, पण ती चार दिवसांची गोष्ट आहे. बाजारातून पक्ष्याबरोबर येणारा रोग मात्र सगळे खुराडे रिकामे करू शकतो. मानमोडी, म्हणजेच राणीखेत, अंगात असलेला कोंबडा सुरुवातीचे काही दिवस अगदी ठणठणीत दिसतो आणि लक्षणे दिसायला कधी दोन आठवडेही लागतात. म्हणून किमान तीन आठवडे, जमल्यास महिनाभर, त्याला वेगळे ठेवावे. ओसरी पुरेशी लांब नाही. त्याचे दाणा-पाण्याचे भांडे वेगळे असावे, आधी कोंबड्यांचे आणि शेवटी त्याचे काम करावे व नंतर हात धुवावेत. त्याच्याकडे जाताना वापरायची चप्पलही निराळी असलेली बरी.

या काळात त्याची विष्ठा रोज पाहावी. पंखाखाली आणि गुदद्वाराभोवती उवा आहेत का, पायांवरचे खवले वर उचलले आहेत का, हे तपासावे. खवले उचललेले असतील तर तो किडीचा उपद्रव असतो. काही दिवस पायांना खोबरेल तेल चोळल्यास उतार पडतो. लसीकरण झाले आहे असे विकणारा सांगतोच, पण त्यावर विसंबून न राहता पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे आणि आपल्या सात कोंबड्यांचेही त्याच वेळी विचारून घ्यावे.

मुदत संपली की आठवडाभर मध्ये जाळी ठेवून त्यांना एकमेकांना पाहू द्यावे. मग एके रात्री, कोंबड्या दांडीवर बसल्यावर, अंधारात त्याला शेजारी बसवावे.

प्रतिसाद २ (होटगी रोड)

वरील सल्ल्यातील शेवटची गोष्ट सोडून बाकी सर्व पटते. रात्री बसवलेला कोंबडा सकाळी बंद खुराड्यात सापडतो आणि जी काही झुंज व्हायची ती पळायला जागा नसताना होते. रात्रीच बसवायचा असेल, तर उजाडण्यापूर्वी उठून दार उघडावे. माझ्या मते पहाटे मोकळ्या अंगणात सोडणेच बरे, कारण आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारच्या उन्हात पाठलाग झाला तर पक्षी धापा टाकून मरू शकतो. दाणा आणि पाणी दोन टोकांना, दोन-दोन ठिकाणी ठेवावे. मान फुगवणे, टोच मारणे, पळवणे चालू द्यावे; रक्त दिसले तर मात्र लगेच वेगळे करावे, कारण रक्त पाहून बाकीच्याही त्याच जागी टोचू लागतात.

एका कोंबड्याला साधारण आठ-दहा कोंबड्या बऱ्या. आपल्या सात आहेत. चालतील, पण त्याच्या आवडत्या एकदोघींच्या पाठीवरची पिसे जातील. तसे दिसल्यास त्याला दिवसाआड वेगळे ठेवावे.

अंडी उबवायची घाई करू नये. कोंबडा मिसळल्यावर दहा-बारा दिवसांनंतरची अंडी जमवावीत आणि आठवड्याच्या आत बसवावीत. उन्हाळ्यात मात्र सोलापुरातल्या घरातच इतकी ऊब असते की साठवलेल्या अंड्यात गर्भाची वाढ अर्धवट सुरू होऊन थांबते. त्यामुळे मी दिवाळीनंतरच खुडूक बसवते. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत पिले आईमागे हिंडू लागलेली असतात.

शेजाऱ्यांविषयी: कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, आणि माझ्या अनुभवाने कोंबड्याचे आरवणेही राहत नाही. अंधाऱ्या खुराड्यात आवाज थोडा दबतो, एवढेच. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. डालगे ओसरीवरून उचलून गच्चीवरच्या पत्र्याच्या सावलीत नेले आहे. पायांचे खवले खरोखरच उचललेले निघाले, त्यामुळे आजपासून तेल लावत आहे. खुडूक कोंबडी रिकाम्या खोक्यातच बसून आहे. तिला तेवढे उठवायचे राहिले आहे.