छज्ज्याखालचेच गज जास्त का गंजतात? खाऱ्या वाऱ्यातलं मीठ किती आत येतं?

प्रश्न
घर भाट्ये (रत्नागिरी) इथे, किनाऱ्यापासून साधारण ६०० मीटर, मध्ये सुरूचं बन. पश्चिमेच्या खिडक्यांच्या गजांना दोन पावसाळ्यांतच पापुद्रे सुटले. पावसात थेट भिजणारं रेलिंग त्यामानाने बरं, छज्ज्याखालचे गज मात्र वाईट. असं का? आणि उपाय काय?

प्रतिसाद १
लाटेच्या फेसातला बुडबुडा फुटताना खारे तुषार उडतात. वारा सेकंदाला १० मीटरच्या पुढे गेला की लाटांच्या शेंड्यांवरूनही पाणी फाटून निघतं. पुढचा सगळा हिशेब आकाराचा. ५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब सेकंदाला सुमारे ८ सेंमी खाली येतो. १० मीटर उंचीवरून, सेकंदाला ५ मीटर वेगाच्या वाऱ्यात तो सहाशे-सातशे मीटरांत जमिनीवर. १० मायक्रॉनचा सेकंदाला जेमतेम ३ मिमी उतरतो, म्हणजे सोळा-सतरा किलोमीटर आत. (हवेतली घुसळण आणि थेंबाचं सुकणं यात धरलेलं नाही.) सुरू जाड थेंब अडवतो, तेही झाडाच्या उंचीपर्यंतच.

प्रतिसाद २
छज्ज्याखाली वारा पोचतो, पाऊस पोचत नाही, म्हणून मीठ साठत जातं. नुसत्या मिठाला ७५ टक्के आर्द्रतेच्या वर पाणी सुटतं. समुद्री मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्क्यांच्या आसपासच ओल धरतं. आपल्याकडच्या हवेत तो गज क्वचितच कोरडा असतो. ऑक्टोबर ते मे धुणारा पाऊस नाही आणि दुपारचे खारे वारे चालूच, तेव्हा या महिन्यांत पंधरा दिवसांनी गज गोड्या पाण्याने धुवा. एसीच्या बाहेरच्या युनिटची जाळीही.

प्रतिसाद ३
रंगाआधी मीठ तपासा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवलेल्या कापसाने १० × १० सेंमी जागा पुसा, तो त्याच पाण्यात पिळा, सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका. पांढरं दुधाळ झालं तर क्लोराइड आहे. नळाचं पाणी वापरू नका, त्यातही क्लोराइड असतं.

क्रम चुकवू नका: आधी धुणं, मग गंज खरवडणं, पुन्हा धुणं, पूर्ण वाळवणं आणि त्याच दिवशी झिंक प्रायमर. मीठ राहिलं तर ते रंगाच्या थरातून पाणी ओढतं आणि फोड येतात. स्टेनलेस स्टील घ्यायचं तर ३०४ ग्रेडचं नको, त्यावर तांबूस डाग पडतात; २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम (एक धातू) असलेलं ३१६ घ्या.

नवीन स्लॅब ओतणार असाल तर काँक्रीटच्या भारतीय मानकात (आयएस ४५६:२०००) किनाऱ्याच्या उघड्या हवेसाठी किमान एम३० (ताकदीची श्रेणी) काँक्रीट, पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.४५ आणि ४५ मिमी कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) सांगितलंय. खाडीची न धुतलेली वाळू अजिबात नको. तिच्यातलं मीठ पहिल्या दिवसापासून सळईला भिडतं, मग कव्हर कितीही ठेवा.