लॅपटॉप हँग झाला की लगेच फॉरमॅट मारा, हे मला पटत नाही

कृष्णाकाठ (सांगली):
मंडळी, दोन महिन्यांत तीन जणांनी मला एकच सल्ला दिलाय, फॉरमॅट मार नाहीतर सरळ विंडोज टाक. लॅपटॉप सेकंडहँड आहे, आठव्या जनरेशनचा आय फाइव्ह प्रोसेसर, वेगळं ग्राफिक कार्ड नाही, इंटेलचंच आतलं, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट २१ ही सिस्टीम. घेतला तेव्हा ८ जीबी रॅम होती, दिवाळीत अजून ८ ची पट्टी टाकून घेतली.

त्रास दोन प्रकारचा आहे. काहीतरी वाचत बसलोय, माऊसला हात नाही, की स्क्रीन फडफडते, खालच्या अंगाला आडव्या रेघा येतात आणि माऊस हलवला की गायब. दुसरं म्हणजे आठवड्यातून दोन-तीनदा सगळं जागच्या जागी थिजतं, गाणं चालू असलं तर शेवटचा तुकडा गर्रर्र करत अडकून राहतो, मग पॉवर बटण दाबून धरायचं, दुसरा इलाज नाही.

माझं म्हणणं एवढंच की फॉरमॅट ही दुरुस्ती नव्हे. फॉरमॅट मारला की मागचे लॉग (मशीननं ठेवलेल्या नोंदी) पण गेले, म्हणजे चोरी झाल्यावर पंचनाम्याच्या आधी घर झाडून पुसून काढल्यासारखं झालं. आधी जर्नलसीटीएल -बी -१ (journalctl -b -1) ही कमांड देऊन मागच्या बूटचा, म्हणजे मागच्या वेळी मशीन चालू केलं तेव्हाचा, लॉग शेवटून वाचा, मग एका वेळी एकच बदल करा आणि तारीख टाकून वहीत लिहा. चार बदल एकदम केले आणि बरं झालं तर कशानं झालं ते जन्मात कळणार नाही.

गणपतीपेठ_रिपेअर:
कृष्णाकाठ, रागवू नका पण लॉग लॉग करत बसणाऱ्यांची माझ्याकडं आलेली किती मशिनं मी बघितल्यात. मशीन खरोखर थिजलं की कर्नलला, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याला, डिस्कवर लिहायलाच मिळत नाही ओ, मग तुमचा पंचनामा कुठनं येणार? शेवटची ओळ बघाल तर वायफाय जोडलं एवढंच दिसतंय. आधी हार्डवेअर बघा की.

गेल्या महिन्यात मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचा लॅपटॉप आला होता, तो पण लिनक्सवर, तो पण थिजायचा. मागचं झाकण काढलं तर फॅन आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पात्यांच्या) मधल्या फटीत हळदीचा थर, नमदा असतो ना तसा घट्ट, चिमट्यानं धरून ओढला तर अखंड पट्टी निघाली पिवळी. थर्मल पेस्ट वाळून खडखडीत. साफ केला, पेस्ट लावली, तेव्हापासून चालू आहे. एक ओळ लॉग वाचला नाही. तुमची ती दिवाळीतली पट्टी पण काढा, पिना खोडरबरानं घासा, परत दाबून बसवा.

कृष्णाकाठ:
दादा, थंड ठेवणं मान्यच, सांगलीत एप्रिलमध्ये ४० च्या आसपास पारा जातो तेव्हा लॅपटॉपनं काय करावं. पण मी सेन्सर्स ही तापमान दाखवणारी कमांड लावून बघितलंय, थिजतो तेव्हा ५५-६० अंशांच्या पुढं नसतो. आणि तापला तर कर्नल ओरडतोच, तापमान मर्यादेच्या वर गेलं म्हणून क्लॉक (प्रोसेसरचा वेग) कमी केला अशी ओळ टाकतो, ती माझ्याकडं एकदाही नाही.

लॉग कोरा येणं हीसुद्धा माहितीच आहे असं मला वाटतं. नुसतं ग्राफिक्स लटकलं तर कर्नल जिवंत असतो, जीपीयू (ग्राफिक्स चिप) हँग अशी ओळ येते. ते ओळखायला स्क्रीन थिजली की कॅप्स लॉक दाबून बघा, दिवा लागतोय का? मोबाईलवरनं एसएसएच (नेटवर्कवरनं मशीनमध्ये शिरणं) लागतंय का? लागलं तर ग्राफिक्सच्या ड्रायव्हरकडं बघा. तेव्हा पॉवर बटण दाबून धरू नका, ऑल्ट आणि प्रिंटस्क्रीन धरून एस, यू, बी एकेक करून दाबा म्हणजे डिस्कवर लिहून मग रिबूट होतो. काहीच हलत नसेल तर मग तुमचं खरं, कर्नलच गेलाय.

विटा_टॅक्सवाला:
हे सगळं वाचून मला एकच विचारायचंय, वेळ कुणाकडं आहे? ११ तारखेला जीएसटीआर-१ रिटर्न, २० ला ३बी, समोर पार्टी बसलेली, आणि मी काय कॅप्स लॉकचा दिवा बघत बसू? डीएससी (डिजिटल सही) टोकनचा ड्रायव्हर लिनक्सवर बसवताना आधीच दोन दिवस गेले होते. शेवटी पोराला सांगितलं, सगळं उडव आणि विंडोज टाक, दोन तासात काम चालू झालं. कामाच्या माणसाला मशीन चालू पाहिजे, कारण कळलं नाही तरी चालतं.

पोवईनाका_सातारा:
टॅक्सवाले दादा, तुमची अडचण खरी आहे पण सरसकट सगळ्यांना तेच औषध नको. माझं मत तिसरंच आहे, आधी कर्नल बदला. मिंट २१ बरोबर ५.१५ येतो. माझा एएमडीचा लॅपटॉप २०२३ चा, ५.१५ वर रोज काळा पडायचा, लॉगमध्ये रिंग जीएफएक्स टाइमआउट, म्हणजे ग्राफिक्स चिपचं वेळेत उत्तर नाही. अपडेट मॅनेजरमधून नवा कर्नल घेतला, लिनक्स-फर्मवेअर (चिपांना लागणाऱ्या फाइली) पण नवं केलं, त्यानंतर एकदाही नाही. जुना कर्नल काढायचा नाही, नाही जमलं तर ग्रबमधून (मशीन चालू होतानाच्या मेनूतून) तो निवडता येतो. फॉरमॅटपेक्षा कितीतरी सोपं.

कृष्णाकाठ:
ताई, तुमच्या मशीनला ते बरोबरच होतं कारण कर्नल जुना आणि लॅपटॉप नवा. माझं उलटं आहे, प्रोसेसर २०१७-१८ चा आणि ५.१५ आला २०२१ ला. त्यामुळं मी ते शेवटी ठेवलंय.

इस्लामपूर_लिनक्स:
कशाला एवढी चर्चा, ग्रबमध्ये नोमोडसेट हा पर्याय टाका, सोबत मॅक्स सीस्टेट १ (प्रोसेसरच्या झोपेची मर्यादा) पण टाका, फडफड बंद होतीय. मी सगळ्यांना हेच सांगतो.

पोवईनाका_सातारा:
कृपा करून हे सगळ्यांना सांगू नका. नोमोडसेट टाकला की ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर चढतच नाही, साध्या फ्रेमबफरवर स्क्रीन चालते, ब्राइटनेस कमी-जास्त होत नाही, व्हिडिओ लावला की सगळा भार प्रोसेसरवर. बूटच होत नसेल तर आत शिरायला तो आहे, कायमचा ठेवायला नाही. आणि सीस्टेट १ वर अडकवला तर प्रोसेसर गाढ झोपतच नाही, बॅटरी उतरते आणि मशीन तापतं. दुसऱ्याच्या मशीनचं औषध न बघता घ्यायचं हे मला अजिबात आवडत नाही.

कृष्णाकाठ:
सांगायला आलोय. फडफडीचं कारण पीएसआर निघालं, पॅनेल सेल्फ रिफ्रेश. स्क्रीनवरचं चित्र बदलत नसलं की पॅनेल स्वतःच्या मेमरीतून तेच दाखवत राहतं आणि जीपीयू विश्रांती घेतो, वीज वाचते, पण तसं चालू असताना माझ्या पॅनेलवर गडबड व्हायची. म्हणून माऊस हलवला की बरं व्हायचं! ग्रबच्या फाइलीत आय९१५ चं (इंटेल ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचं) इनेबल पीएसआर शून्य केलं, अपडेट-ग्रब मारलं. १२ दिवस झाले, एक रेघ नाही. दुसरा काही बदल केला नव्हता म्हणून छातीठोक सांगतोय.

थिजणं मात्र चालूच होतं आणि कॅप्स लॉकचा दिवा लागत नव्हता. मग रिपेअरवाल्या दादांचं ऐकलं. ग्रबच्या मेनूत मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) दिसत नव्हतं कारण जुनं यूईएफआयवर (बायोसच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीवर) चालत नाही, २०२२ ला आलेल्या ६ व्हर्जनपासून चालतं, ते पेनड्राइव्हवर घेतलं, रात्री लावून झोपलो. सकाळी उठून बघतो तर स्क्रीन लाल ओळींनी भरलेली. दिवाळीची पट्टी काढली, जुन्या एकटीवर परत लावलं, चार पास (तपासणीच्या फेऱ्या) स्वच्छ. दादा, हे तुमचंच बरोबर होतं, लॉगमधून मला हे कधीच कळलं नसतं.

गणपतीपेठ_रिपेअर:
तेच म्हणत होतो मी. हार्डवेअर आधी.

कृष्णाकाठ:
थिजण्यापुरतं मान्य. पण फडफड तुमच्या खोडरबरानं गेली नसती आणि फॉरमॅटनं तर दोन्ही गेलं नसतं. उलट खराब रॅमवर नवीन सिस्टीम टाकली असती तर कॉपी होतानाच एखादी फाइल बिघडून बसली असती, मग नवीनच खेळ. टॅक्सवाले दादा, तुम्हाला पण एकच सांगणं, उडवायच्या आधी लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवर एक दिवस काम करून बघत जा. त्यावर पण थिजलं तर डिस्कवरची सिस्टीम निर्दोष आहे, फॉरमॅटचे दोन तास वाचले.

विटा_टॅक्सवाला:
पेनड्राइव्हचं पटलं, तेवढं करीन. पण २० तारखेच्या आत बिघडलं तर मी उडवणारच, ते स्पष्ट सांगतो.

गणपतीपेठ_रिपेअर:
कृष्णाकाठ, ती पट्टी टाकू नका. शनिवारी दुकानात लॅपटॉपसकट घेऊन या. पट्टी दुसऱ्या मशिनला लावू आणि माझ्याकडची चांगली पट्टी तुमच्या त्या स्लॉटला लावू. अजून पट्टी खराब की स्लॉट खराब हे कुठं कळलंय.