मदत हवी आहे: मोठ्या प्लास्टिक बॉक्समध्ये भाज्या, वरची माती कोरडी आणि तळाशी पाणी तुंबतंय

नमस्कार मंडळी,

कपडे-पांघरुणं ठेवायला झाकणाचे मोठे पारदर्शक बॉक्स मिळतात ना, तसल्या एका बॉक्समध्ये टोमॅटो लावलाय. साधारण ६० लिटरचा, लांबट, उंची फूटभर. बुडाला चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक भोक. त्यावर विटांच्या तुकड्यांचा दोन इंच थर, वर बागेतली माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि शेणखत सारख्या प्रमाणात.

वरची माती दुपारपर्यंत कोरडी ठणठणीत होते. म्हणून पाणी घालावं, तर खालची पानं पिवळी पडतात आणि उन्हं उतरल्यावरही झाड मान टाकून असतं. बॉक्स पारदर्शक, त्यामुळे बाहेरूनच दिसतंय की तळाची चार बोटं माती काळपट आणि चिंब आहे, कडेला हिरवं शेवाळ. भोकाजवळ नाक नेलं की सडक्या अंड्यासारखा वास. भोकं बुजलेली नाहीत, तार घालून पाहिलं.

भोकं वाढवू का, आणि केवढी पाडू? विटांचा थर जाड करू का? तसेच दोन बॉक्स अजून रिकामे आहेत, ते पहिल्यापासून नीट करता येतील, फक्त ड्रिल मारताना बूड तडकेल अशी धास्ती वाटते. टोमॅटोचं मात्र झाड न उपटता काही होईल का? त्याला फुलं लागलीत हो.

प्रतिसाद १:

विटांचा थर जाड तर करू नकाच, रिकाम्या बॉक्समध्ये घालूही नका. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या फटींमध्ये आपणहून उतरत नाही. वरची माती पुरती चिंब झाली तरच ते खाली ठिबकतं. म्हणजे जो चिंब पट्टा बॉक्सच्या बुडाशी असता, तो तुमच्या विटांच्या डोक्यावर बसलाय आणि मुळांची दोन इंच जागा फुकट गेली. या पट्ट्याची जाडी मिश्रण किती बारीक आहे त्यावर ठरते, भांडं किती खोल आहे त्यावर नाही. म्हणून उथळ बॉक्सला त्याचा त्रास जास्त.

भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा. थेंब पडायचे थांबले की तोच उभा करा, परत पाणी गळेल, कारण उंची वाढली. माती बदलली नाही तर पन्नास भोकं पाडूनही तो पट्टा राहणारच.

नव्या बॉक्ससाठी बागेतली माती पाचव्या हिश्श्यावर आणा. बाकी नीट कुजलेलं खत, कोकोपीट आणि निदान एक हिस्सा जाड काहीतरी: परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे. बारीक वाळू नको, ती उरल्यासुरल्या फटी बुजवते.

प्रतिसाद २:

असहमत. मी कायम खापऱ्या घालतो, माझ्या कुंड्या उत्तम चालल्यात.

प्रतिसाद १:

माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर एखादी खापरी ठेवणं वेगळं, त्याला कुणाची ना नाही. त्या कामाला मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडाही पुरतो. मी थराबद्दल बोलतोय. आणि तुमचं मिश्रण भुसभुशीत असेल, तर त्याचं श्रेय खापऱ्यांना कशाला देता?

प्रतिसाद ३:

भोकांबद्दल. या बॉक्सचं बूड सपाट नसतं, मध्ये फुगीर आणि कडेने पन्हळीसारखं असतं. रिकाम्या बॉक्समध्ये तांब्याभर पाणी ओता, जिथे साचेल तिथे खूण करा आणि तिथेच भोकं पाडा. मधलं भोक बहुतेक वेळा शोभेचंच. ६० लिटरला ८ ते १० मिलिमीटरची दहा-बारा पुरतात.

बॉक्स उपडा न घालता आतून ड्रिल मारा, बुडाखाली लाकडाची फळी घट्ट टेकवून. आधी बारीक बिट, मग मोठा, वेग कमी, जोर अजिबात नाही. उन्हात राहून कडक झालेलं प्लास्टिक हमखास तडकतं, म्हणून भोकं नव्या बॉक्सलाच पाडून घ्या. तापवलेल्या खिळ्यानेही होतं, पण धूर नाकात जाऊ देऊ नका.

भरण्याआधीच बॉक्स विटांवर ठेवा. भरलेला आणि भिजलेला बॉक्स साठ किलोच्या वर सहज जातो, मग काठ धरून ओढायला गेलात की काठच हातात येतो. आणि बाहेरून गडद कापड किंवा रंग द्या. शेवाळ काही झाडाला खात नाही, पण मुळांना उजेड नको असतो.

धागाकर्ती:

आभार! बॉक्स सध्या थेट फरशीवर टेकलाय, आता लक्षात आलं. बाजूने बुडापासून दोन इंचांवर भोकं पाडली तर चालेल का? आणि टोमॅटो?

प्रतिसाद १:

बाजूला पाडायचीच तर अगदी बुडालगत. दोन इंच वर पाडलीत की त्याखालचं पाणी त्या भोकांतून निघणारच नाही. तळाशी मुद्दाम पाणी राखून झाडाला खालून पाजायची पद्धत आहे, पण तिची रचनाच निराळी.

टोमॅटोसाठी: दोघांनी मिळून बॉक्स विटांवर चढवा आणि एक बाजू तीन-चार इंच उंच ठेवा. स्पंजवालंच तत्त्व, पाणी खालच्या कोपऱ्याकडे सरकून निथळेल. त्या कोपऱ्यातल्या भोकातून नायलॉनची जाड दोरी विटांच्या फटीतून वर मातीपर्यंत सारा, दुसरं टोक खाली वीतभर लोंबू द्या. दोरीवाटे पाणी ओढलं जातं. खाली ताटली ठेवली तर पाणी रोज ओता, नाहीतर आठवडाभरात डास तयार.

तो वास हवा न मिळाल्याचा आहे. गुदमरलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून चिंब मातीतही झाड सुकल्यासारखं दिसतं. वरची माती पाहून पाणी घालायचं बंद करा. लाकडी काडी पार खालपर्यंत खुपसा, ओला चिखल चिकटून आला तर त्या दिवशी पाणी नाही. तळ वाफशावर आला (ओलसर, पण चिखल नाही) की नवी पालवी दिसेल. पिवळी झालेली पानं परत हिरवी होणार नाहीत, ती खुडून टाका. खतही तोवर देऊ नका.