'हॉपी' बिअर: कडू, कडवट, कडसर की आणखी काही?

रामबाग, इंदूर: मंडळाच्या दिवाळी अंकासाठी इंदूरच्या नव्या खाण्यापिण्यावर लिहितोय आणि आयपीए (इंडिया पेल एल) या बिअरपाशी अडलोय. मायक्रोब्रुअरीतला पोरगा तिला सारखा 'हॉपी' म्हणत होता. ग्लास नाकाशी नेला की संत्र्याच्या सालीचा आणि पिकल्या आंब्याचा वास येतो. कडूपणा येतो तो घोट गिळल्यावर, आणि मग जिभेच्या मुळाशी बराच वेळ बसून राहतो. मी 'कडवट' लिहिलं होतं. आत्याने वाचून खोडलं. तिच्या मते कडवट असतं ते बोलणं, प्यायची वस्तू नव्हे. तुम्ही काय लिहाल?

लष्कर, ग्वाल्हेर: आत्याबाईंचं खरं आहे. 'कडवट' आता माणसांच्या स्वभावाला चिकटलाय. 'कडसर' लिहा. लालसर, ओलसर, गोडसर म्हणतो तसंच. त्यात तक्रार नाही, नुसती छटा.

राजेंद्रनगर, इंदूर: कडसर मुळीच नको. 'सर' लावलं की किंचित असा अर्थ होतो, आणि आयपीए मुद्दाम कडू केलेली असते. साध्या हलक्या लागर बिअरचं आयबीयू, म्हणजे कडूपणाचं माप, दहा-पंधराच्या आसपास असतं. अमेरिकन पद्धतीच्या आयपीएचं 40 ते 70.

शिवाय 'हॉपी'चा मुख्य अर्थ कडू नाहीच. हॉप्स (बिअरला चव आणि वास देणारी एका वेलीची फुलं) उकळत्या काढ्यात लवकर घातले की त्यातली अल्फा आम्लं रूप बदलून कडूपणा देतात, पण सुवासिक तेलं वाफेबरोबर उडून जातात. म्हणून वासासाठी हॉप्स अगदी शेवटी घालतात, किंवा आंबवून झाल्यावर गार बिअरमध्ये मुरवतात. त्याला ड्राय हॉपिंग म्हणतात. तुम्हाला जो आंबा लागला तो बहुधा सिट्रा किंवा मोझेइक जातीच्या हॉप्सचा. मिरसीन नावाचं सुवासिक द्रव्य हॉप्समध्येही असतं आणि आंब्यातही. तेव्हा दोन शब्द लागतील, एक वासाला आणि एक चवीला. एकात कोंबू नका.

दांडियाबाजार, बडोदा: वासासाठी 'हॉपगंधी' करा. नवा शब्द घडवायला आपण इतकं का बिचकतो? आमच्या बडोद्यात सयाजीरावांच्या काळात, 1931 साली, राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांचा कोश निघाला. 'सयाजीशासनशब्दकल्पतरु'. त्या लोकांनी कष्टाने शब्द घडवले, पर्याय शेजारी शेजारी मांडून ठेवले. इथे दारूबंदी, म्हणून मी ही बिअर पुण्याला लेकाकडे प्यायलो. मला तर ती उग्र वाटली.

रामबाग, इंदूर: काका, उग्र नको. उग्र हिंग असतो, उग्र रॉकेल असतं. हा वास हवाहवासा होता. आणि 'हॉपगंधी' वाचून माझी आत्या पुन्हा पेन उचलेल. सरळ 'हॉप्सचा घमघमाट' का नको? हॉप्स शब्द बिअर पिणाऱ्या प्रत्येकाला कळतो.

लोकमान्यनगर, इंदूर: मी संस्कृत शिकवत असे, म्हणून थोडं मागे जाते. षड्रसांमध्ये कारल्याच्या चवीला 'तिक्त' म्हणतात. 'कटु' म्हणजे मिरी, सुंठ यांची चव. आपला 'कडू' आला 'कटु'वरून आणि जाऊन बसला तिक्ताच्या जागी. मग कटूच्या रिकाम्या जागेवर 'तीक्ष्ण'मधून आलेला 'तिखट' बसला. कडू हा शब्दच मुळी सरकलेला आहे, त्यामुळे तो अमुकच अर्थाने वापरा असा आग्रह मला पटत नाही.

लष्कर, ग्वाल्हेर: ताई, आमच्याकडे जुना अर्थ अजून जिवंत आहे! भिंड-मुरैन्याकडे मोहरीच्या तेलाला सगळे 'कड़वा तेल' म्हणतात. ते कारल्यासारखं कडू नसतं, नाकात झणझणतं. माझी आजी मराठी बोलतानाही 'कडू तेल'च म्हणायची. पुण्याहून लग्न होऊन आलेल्या काकूला तिने लोणच्यासाठी कडू तेल आणायला सांगितलं, तर काकू कडुनिंबाच्या तेलाची बाटली घेऊन आली.

दांडियाबाजार, बडोदा: महाराष्ट्रात कडू तेल म्हटल्यावर कडुनिंब किंवा करंजच डोळ्यांपुढे येणार, काकूंची काय चूक? मराठीत 'मोहरीचं तेल' हा स्वच्छ शब्द असताना हिंदीची उसनवारी कशाला? इथे गुजरातीचा एवढा शेजार असून आमच्या घरात कोणी 'सरसियुं' म्हणत नाही.

लष्कर, ग्वाल्हेर: उसनवारी कशी, काका? शिंद्यांबरोबर आलेली घरं आमची, दोनशे वर्षं त्या तेलात लोणचं घालतोय. आमच्या स्वयंपाकघरात बोलला जातो तो शब्द आमच्या मराठीचा.

लोकमान्यनगर, इंदूर: मला हे तेल प्रकरण नीट टिपून ठेवायचंय. माळव्यातल्या मराठी घरांत 'कडू तेल' कोणी ऐकलंय का? आमच्याकडे शेंगदाण्याचंच तेल असे.

राजेंद्रनगर, इंदूर: माझं आजोळ देवासचं. तिथे 'कडवं तेल' म्हणत, पण फक्त मालिशीच्या तेलाला. खायच्या तेलाला कधीच नाही.