मदत हवी आहे: हृदयाची झडप बदलायची ठरलंय, कोणती बसवायची ते ठरत नाही

नमस्कार मंडळी. वय 29, लग्नाला 3 वर्षं झाली, मूल नाही, पण हवं आहे. हे आधीच सांगते, कारण घोडं तिथेच अडलंय.

हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या तोंडाशी असलेल्या झडपेला तीन पाकळ्या असतात. माझ्या झडपेला जन्मापासून दोनच. (बायकस्पिड व्हॉल्व्ह. शंभरातल्या एकदोघांना असतो, त्यातही पुरुषांना जास्त.) शाळेतल्या तपासणीत डॉक्टरांनी स्टेथोस्कोप जरा जास्तच वेळ धरून ठेवला होता आणि 'मर्मर (ठोक्यांमध्ये जादा आवाज) आहे, लक्ष ठेवा' म्हणाले होते. लक्ष कुणी ठेवलं नाही, मीही नाही. मग एकदा दोन जिने चढून कुलूप उघडताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि किल्ली हातात धरून मी पायरीवरच बसले.

इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट: झडपेचं तोंड आकसून 0.8 चौरस सेंटिमीटर, सरासरी ग्रेडियंट (झडपेच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला फरक) 48, महाधमनीची रुंदी 4.1 सेंटिमीटर, पंपिंग चांगलं. महाधमनीला आत्ता हात लावायला नको, झडप मात्र बदलायचीच. फुगा फुगवून झडप रुंद करायचं, म्हणजे बलूनचं विचारलं. लहान मुलांत उपयोग होतो, पण माझ्या पाकळ्यांवर कॅल्शियम साचलंय, तिथे तो फार टिकणार नाही.

यांत्रिक व्हॉल्व्ह बहुधा जन्मभर पुरेल, पण रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळीही जन्मभर. गरोदरपणात, विशेषतः 6 ते 12 आठवड्यांत, ते बाळाला बाधू शकतं. बंद करून हेपारिनची इंजेक्शनं घ्यावीत, तर व्हॉल्व्हवर गुठळी होऊन माझ्याच जिवावर बेतायची भीती. टिश्यू व्हॉल्व्हला (प्राण्याच्या ऊतीपासून केलेल्या) जन्मभर ती गोळी नाही, पण तरुण वयात तो लवकर झिजतो. 10-15 वर्षांत, कदाचित त्याआधीच, पुन्हा छाती उघडायची. तेव्हा मूल शाळेत असेल. तिसरं रॉस ऑपरेशन: फुप्फुसाकडची आपलीच झडप काढून महाधमनीच्या जागी लावायची, आणि तिच्या जागी दात्याची. 1967 पासून होतंय, पण त्यात मुरलेला हात हवा. शिवाय एक झडप बिघडली म्हणून दोन झडपांना हात लावायचा, हे मला पचत नाही.

सासूबाई म्हणतात, एकदाच काय ते होऊन जाऊ दे. नवरा म्हणतो, तू ठरव. दोघांचंही चुकत नाही आणि उपयोगही होत नाही.

टिश्यू व्हॉल्व्हनंतर बाळंतपण झालेलं कुणी आहे का इथे? किती महिने थांबलात? 'सगळं चांगलं होईल' असे प्रतिसाद नकोत, ते घरी भरपूर मिळतायत.

प्रतिसाद 1:
ताई, माझा यांत्रिक आहे, 9 वर्षं झाली. आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीतला आकडा) 2 ते 3 मध्ये ठेवायचा, सवय होते. रात्री उशीवर डोकं टेकलं की टिकटिक ऐकू येते, तिचीही होते. पण माझी दोन्ही मुलं आधीच झाली होती, तेव्हा माझ्यावरून ठरवू नका. हृदयाच्या आणि बाळंतपणाच्या डॉक्टरांना ऑपरेशनआधीच एकमेकांशी बोलायला लावा. दात आत्ताच तपासून घ्या, किडक्या दातातले जंतू रक्तातून नव्या झडपेवर जाऊन बसू शकतात. आणि भावंडांचा इको केलात का? हा दोष घराण्यात चालू शकतो.

धागाकर्ती:
दातांचं कुणी बोललंच नव्हतं. धाकटा भाऊ आहे, इको नाही झालेला. रोज जिममध्ये वजनं उचलतो आणि मला 'तुझ्यात स्टॅमिनाच नाही' म्हणून चिडवायचा. त्याला आत्ताच फोन करते.