खोताच्या वाडीतलं घर: चुना की सिमेंट? आणि फोटोवाल्यांचं काय करू?

ओट्यावरची:

नमस्कार मंडळी. गिरगावात खोताच्या वाडीत आमचं एकमजली लाकडी घर आहे, आजोबांनी घेतलेलं. खाली मी आणि आई, वर भाडेकरू. ते १९५८ पासूनचे. भाडं किती येतं ते सांगत नाही, तुम्ही हसाल. वर्षभराच्या भाड्यात सुतार दोन दिवससुद्धा येणार नाही.

यंदा पश्चिमेच्या भिंतीचा गिलावा फुगलाय आणि कोपऱ्यातला सागाचा खांब खालून मऊ झालाय. बोटाने दाबला की भुसा पडतो. कंत्राटदार म्हणतो, सगळं खरवडून सिमेंट मारू, कौलं काढून पत्रे टाकू, पंधरा दिवसांत मोकळे. शेजारच्या आंटींनी ते ऐकलं आणि तीन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

दुसरं दुखणं बघ्यांचं. नाताळात कंदील बघायला गर्दी व्हायचीच, ती आम्हालाही आवडायची. पण मेट्रोचं गिरगाव स्टेशन झाल्यापासून शनिवार-रविवार सकाळी सातपासून कॅमेरे. परवा आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. एक मुलगा म्हणाला, "आजी, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय." आणि आई सूप उचलून आत गेली! मला त्याच्यापेक्षा तिचाच जास्त राग आला.

घर विकायचं नाही. चुना की सिमेंट ते सांगा. आणि ही माणसं येतातच, तर पुढची खोली शनिवारी उघडून चहापाणी ठेवावं का? दुरुस्तीला हातभार लागेल.

मुरलेला चुना:

ताई, सिमेंट अजिबात नको. जुन्या वीट-लाकडाच्या भिंतीत पावसाळ्यात ओल शिरतेच. चुन्याच्या गिलाव्यातून ती नंतर सुकून जाते. सिमेंट तिला आत कोंडतं, मग ती लाकडाकडे वळते. कदाचित तुमच्या भिंतीवर आधीच कुणीतरी सिमेंटचा हात मारलेला असेल, फुगलेला तुकडा फोडून बघा. करडा आणि टणक निघाला तर तेच.

खांब अख्खा बदलू नका. वरच्या तुळईला टेकू देऊन कुजलेला पाय कापायचा आणि जुन्या सागाचा तुकडा खाच पाडून जोडायचा. जुनी घरं पाडतात तिथलं लाकूड मिळतं, नव्यापेक्षा चांगलं असतं.

पण त्याआधी ओल येते कुठून ते शोधा. पन्हळ फुटलीय का? आणि गल्लीची फरशी तुमच्या जोत्याच्या किती खाली आहे? जुन्या गल्ल्यांत फरशीवर फरशी चढत जाते, जोतं बुडतं आणि पाणी घराकडे वळतं. तसं असेल तर वर कितीही खर्च करा, खांब पुन्हा कुजणार. चुन्याला सुकायला वेळ लागतो, म्हणून बाहेरचं काम मेच्या मध्यापर्यंत उरकायला हवं. नाहीतर यंदा ताडपत्री बांधा आणि दिवाळीनंतर हात घाला.

वाडी महापालिकेच्या वारसा यादीत तिसऱ्या श्रेणीत आहे. होतं तसंच दुरुस्त करणं वेगळं आणि कौलांऐवजी पत्रे टाकणं वेगळं. कंत्राटदाराच्या शब्दावर जाऊ नका, पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात आधी विचारा.

परळचा:

रागवू नका, पण विका. २०१८ साली युनेस्कोचा मान मिळाला तो ओव्हल मैदानाच्या आजूबाजूच्या दगडी आणि आर्ट डेको शैलीच्या इमारतींना. तुमच्या कौलांना कोण विचारतंय? शिवाय वाडीचा जन्मच मुळी जमीन विकून झाला. दादोबा वामन खोतांनी ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिस्ती कुटुंबांना तुकडे विकले नसते तर ही घरं उभी तरी राहिली असती का?

पणजीकर:

चहापाण्याबद्दल सांगते. मी पणजीत फोंतेन्हास या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीजवळ राहते. रंगीत भिंतींपुढे लग्नाआधीची फोटोग्राफी, कपडे बदलायला लोकांचे जिने. रहिवाशांनी दारावर 'फोटो काढू नका'च्या पाट्या लावल्या, तर आता पाटीचेही फोटो काढतात. काही घरांत कॅफे आले, गेस्ट हाऊस आली. घरं टिकली हे खरं. पण संध्याकाळी बाल्कनीत बसलेली म्हातारी माणसं मला आता फारशी दिसत नाहीत. खोली उघडायची तर सगळ्या वाडीने मिळून वेळ ठरवा, एकट्याने नको. आणि ओटा आईचाच ठेवा.

ओट्यावरची:

सर्वांचे आभार. मुरलेला चुना, तुमचं ऐकून गिलावा फोडला. करडा निघाला. आई म्हणते, वडिलांनीच मारून घेतला होता, तेव्हा 'पक्कं काम' म्हणून पेढे वाटले होते. जोतं फरशीच्या वर जेमतेम चार बोटं उरलंय. लहानपणी तिथे दोन पायऱ्या होत्या, त्यावर बसून मी वेफर्स खायचे, म्हणजे फरशी चढलीच.

परळकर, खोतांनी जमीन विकली ती माणसांनी एकमजली घर बांधून राहावं म्हणून. आता जे मागायला येतात त्यांना चोवीस मजले हवेत. साठपासष्ट घरं होती म्हणतात, आता तीसही नाहीत. कडेच्या टॉवरची सावली दुपारी तीननंतर आमच्या ओट्यावर येते, वाळवण आत घ्यावं लागतं.

पणजीकर, खोलीचं तूर्त राहू दे. आंटींना विचारलं तर म्हणाल्या, आधी घर उभं कर, मग पाहुणे बोलाव. बोलू लागल्या हेही नसे थोडके.

आता एवढंच सांगा: चुन्याचं काम येणारा गवंडी दक्षिण मुंबईत कुणाच्या माहितीत आहे का? आणि साधारण दोनशे जुनी मंगलोरी कौलं हवीत, कुठे घर उतरवत असतील तर कळवा. टेम्पो मी पाठवते.