बोव्हेचा बिशप फिलिप: गदेची गोष्ट कितपत खरी?

जुनीपोथी:
बूव्हिनच्या लढाईत (२७ जुलै १२१४) बोव्हेचा बिशप फिलिप द द्र्यो गदा घेऊन लढला, कारण धर्मगुरूंना रक्त सांडायला बंदी होती आणि गदेने रक्त सांडत नाही, असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. याला समकालीन आधार आहे का? आणि इंग्लंडचा राजा रिचर्ड याच्या कैदेत असताना पोपने त्याला का सोडवलं नाही?

तटबंदी:
गदा खरी आहे, कारण मागाहून चिकटवलेलं. मूळ आधार विल्यम द ब्रेटनचं लॅटिन काव्य. हा फ्रेंच राजा फिलिप ऑगस्टसचा चॅप्लेन, लढाईच्या वेळी राजाच्या पाठीमागेच होता. त्याने ‘क्लावा’ शब्द वापरलाय. गदा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मारुतीची गोल डोक्याची गदा येते. क्लावा म्हणजे साधा सोटाही असू शकतो. शिवाय तो बिशपच्या हातात ‘योगायोगाने’ होता, असं विल्यम म्हणतो.

पुढचं नीट वाचा. बिशपने शत्रूपक्षातल्या इंग्रज सरदाराच्या, सॅलिस्बरीच्या अर्ल विल्यमच्या शिरस्त्राणावर तो हाणला, अर्ल जमिनीवर आला. मग बिशपने जाँ द नेल या आपल्या बाजूच्या सरदाराला सांगितलं, याला तू बांध आणि तूच पाडलास असं सांग. सोटा चालत असता तर हे श्रेय दुसऱ्याला कशाला द्यायचं? मुळात धर्मगुरूला मनाई होती ती शस्त्र धरण्याचीच. आणि शिरस्त्राण फुटेल इतका घाव डोक्यावर बसला तर रक्त येतंच.

पुष्कळ जण इथे १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेचं १८वं कलम पुढे करतात. ते लढाईनंतरचं आहे, आणि त्यात देहदंडाची शिक्षा, चिरफाडीची वैद्यकी, भाडोत्री सैनिकांचं नेतृत्व या गोष्टी येतात. गदेचा उल्लेखही नाही.

किल्लेदार:
लपवण्याला आणखी एक कारण होतं, आणि ते तुमच्या दुसऱ्या प्रश्नात दडलंय.

मे ११९७ मध्ये मिलीजवळ रिचर्डचा भाऊ जॉन आणि मर्कादिए या सरदाराच्या भाडोत्री टोळीने बिशपला पकडलं, ते चिलखतासकट. रिचर्डचा त्याच्यावर जुना राग. तो ११९२ पासूनचा: जेरुसलेमचा राजा म्हणून निवडलेल्या कॉन्राडच्या खुनाचा आळ रिचर्डवर घालण्यात हा बिशप पुढे होता, आणि जर्मनीतल्या कैदेत आपले हाल वाढवण्यामागेही हाच, अशी रिचर्डची तक्रार होती. म्हणून खंडणी नाकारून आधी रूआंला, नंतर शिनोंला डांबलं. रूआंला त्याने निसटायचा प्रयत्न केला: चर्चच्या बंद दाराची कडी धरून देवाच्या नावाने आश्रय मागितला, पण पहारेकऱ्यांनी ओढून नेलं.

पोप तिसरा सेलेस्टिन याचे हात बांधले गेले ते चिलखतामुळेच. बिशप वेदीपाशी नव्हे, रणांगणात सापडला होता. रिचर्डने ते चिलखत पोपकडे पाठवून बायबलातल्या योसेफच्या भावांचा प्रश्न विचारला, ‘हा तुझ्या मुलाचा अंगरखा आहे का, पाहा’. ही गोष्ट इंग्रज बखरींतली आहे, तिला पत्रव्यवहाराइतकं वजन देऊ नका.

रिचर्ड ११९९ मध्ये मेल्यावरच सुटका झाली. जॉनने खंडणी घेतली आणि ख्रिश्चनांविरुद्ध पुन्हा शस्त्र धरणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. बूव्हिनला समोर ख्रिश्चनच होते! १२१० मध्ये दक्षिण फ्रान्सातल्या तेर्म किल्ल्याच्या वेढ्यात समोर चर्चने पाखंडी ठरवलेले लोक होते, तिथे शपथ आड येत नव्हती. तिथूनही तो आणि भाऊ रोबेर धर्मयुद्धातल्या सेवेचे चाळीस दिवस भरण्याआधीच निघून गेले, मोहिमेचा सेनापती सिमों द मॉन्फोरला ऐन वेढ्यात अपुऱ्या माणसांवर सोडून.

जुनीपोथी:
शपथेचं माहीत नव्हतं, आता सगळं जुळतंय. कॉन्राडशी संबंध काय पण?

तटबंदी:
कॉन्राडचं लग्न याच बिशपने लावलं. क्रम बघा. ११९० मध्ये पॅलेस्टाइनमधल्या एकरच्या वेढ्यात जेरुसलेमची राणी सिबिला आणि तिच्या मुली वारल्या, गादीचा हक्क तिच्या धाकट्या सावत्र बहिणीकडे, इझाबेलाकडे आला. तिचा नवरा हम्फ्री राजा होण्याजोगा नाही, असं सरदारांचं मत. तेव्हा तोड अशी काढली की हम्फ्रीशी लग्नात तिची संमती नव्हती, वयही अकराच होतं. कँटरबरीचा आर्चबिशप बाल्डविन ठाम विरोधात होता. तो १९ नोव्हेंबरला वारला आणि २४ तारखेला फिलिपने तिचं कॉन्राडशी लग्न लावलंसुद्धा. घाई उघड दिसते. कॉन्राडची कॉन्स्टँटिनोपलमधली बायको हयात असल्याचा आक्षेप होता, शिवाय त्याचा भाऊ सिबिलाचा पहिला नवरा, म्हणजे नातंही आड येत होतं.

२८ एप्रिल ११९२ ला टायर शहरात कॉन्राड जेवायला गेला तोही याच बिशपकडे. बिशपचं जेवण आटोपलं होतं, म्हणून तो परत फिरला आणि वाटेत दोघा मारेकऱ्यांनी त्याला भोसकलं.

किल्लेदार:
एक गल्लत टाळा. १२१९ मध्ये इजिप्तमधल्या दमिएत्ताजवळ पकडला गेलेला बोव्हेचा बिशप हा नव्हे, तो पुढचा, मिलों. फिलिप १२१७ मध्येच वारला.

आणि सॅलिस्बरीचा अर्ल म्हणजे रिचर्ड-जॉनचा सावत्र भाऊ. राजाने तो कैदी बिशपच्या भावाला, रोबेरला दिला, कारण रोबेरचा मुलगा त्याच वर्षी नांतजवळ जॉनच्या हाती लागला होता. बिशपच्या सोट्याच्या बदल्यात पुतण्या घरी आला.